खदानीचा भाव मागितला म्हणून

"सोड कासोटा."

मुनीम फाटकात उभा होता. मागे बैलगाडीवर पोती चढवणारे हमाल. माझ्यासोबत सतरा बायका. सावली गावच्या धानगिरणीत आम्ही उकडलेलं धान वाळवायचो, दिवसभर पायांनी उलथायचो, आणि संध्याकाळी फाटकात पदर झाडून झडती द्यायचो. कासोटा आजवर कोणाचा सोडवला नव्हता.

सकाळी मी मालकाला विचारलं होतं. माझा भाऊ राजुऱ्याकडे कोळशाच्या खाणीत आहे. त्याची मजुरी दोनदा वाढली, आमची का नाही? एवढंच.

"खदानीचा भाव पायजे ना तुले?" मुनीम म्हणाला. "मंग झडतीबी मोठी दे."

मी सोडला. हात आपोआप गेले. लुगड्यातून चार दाणे पडले. धानात उभं राहिलं की चिकटतातच. त्यानं ते वेचले, तळहातावर धरून हमालांना दाखवले.

"चोट्टी."

कोणीतरी हसलं. मला लाज वाटली नाही. रागही आला नाही. घरी जाऊन भात टाकला. खाल्ला. पाय धुवायचे राहिले, तशीच निजले.

रविवारी मोटारीनं भावाकडे गेले. सगळं सांगितलं, दुसऱ्या कोणाचं सांगावं तसं. तो खाली पाहत ऐकत होता.

मी विचारलं, "तुमचा मालक भला हाय का, भाऊ?"

"भला? पयले आमालेबी शिव्याच देत होता."

"मंग मजुरी काऊन वाढवली?"

"युनियन झाली. सारे मिळून गेलो, काम थांबवलं, तवा वाढवली. कागदाच्या कारखान्यातबी तसंच झालं. तुई वयनी विड्या वळते, तिथी युनियन नाई, तं भावबी जुनाच." मग हळूच म्हणाला, "तू एकटीच गेली होती ना, बाई?"

हो. एकटीच गेले होते.

सोमवारी बायकांशी युनियनचं बोलले. सगळ्यांत जुनी तुळसाबाई. रांडमुंड, घरी सून आणि दोन नातवंडं.

"मले काढलं तं त्याइले काय घालू?"

ती पुन्हा धान उलथायला लागली.

आता सगळ्यांचीच मोठी झडती होती. संध्याकाळी मुनीम मला पुन्हा म्हणाला, "सोड."

"नाई सोडत."

तो पाहत राहिला. मीही. तुळसाबाई पुढे झाली, आपला कासोटा सोडून झडती दिली आणि मान खाली घालून निघून गेली. मग दुसरी गेली. तिसरी. सहा जणी माझ्याजवळ थांबल्या. दुसऱ्या दिवशी सातही जणींना फाटक बंद.

ते वर्ष आम्ही बांबू तोडून काढलं. भावानं युनियनच्या वर्गणीचं पावतीपुस्तक आणून दिलं. आतल्या बायकांच्या घरी जात राहिलो. काहींनी दार लावून घेतलं. तुळसाबाईनं लावलं नाही, पण पावतीही घेतली नाही. ती तिनं पुढच्या हंगामात घेतली, गिरणीत नव्यानं लागलेल्या तिच्या सुनेलाही कासोटा सोडायला लावला तेव्हा.

त्या हंगामात हौदात धान भिजत असताना सगळ्या बायका बाहेर येऊन बसल्या. भिजलेलं धान वेळेत उकडलं नाही तर सडतं, हे मालकाला आमच्याइतकंच ठाऊक होतं. दोन दिवस. तिसऱ्या सकाळी वास रस्त्यावर आला, तेव्हा तो बोलायला आला. झडती बंद. मजुरी वाढली. खाणीएवढी नाही, पण वाढली.

सहा जणींना परत घेतलं. मला नाही. मालकानं निरोप धाडला, "युनियनीतून नाव काढ, उद्यापासून ये. तुले दोन आणे जास्त."

निरोप घेऊन मुनीमच आला होता. त्याच्यासमोर बसून आणखी एका बाईची पावती फाडली.

गावात आणखी दोन गिरण्या आहेत. तिथे भाव जुनाच. मी रोज पावतीपुस्तक घेऊन त्यांच्या फाटकावर उभी राहते. चौकीदार हाकलतो. उद्याही जाईन. मला परत घ्या, असं कोणाला म्हणणार नाही.