दुपट्ट्याखालची बोटं

आपण लिहावं एवढा काही माझा अधिकार नाही, हे आधीच कबूल करतो. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच, आणि तोही भूगर्भशास्त्र शिकायला. आजवर लिहिलेलं सगळ्यात लांब लिखाण म्हणजे काळ्या खडकावरचा, म्हणजे बेसॉल्टवरचा, अकरा पानांचा प्रकल्प. त्यावरही सरांनी ‘मुद्द्यावर या’ असा शेरा मारला होता. तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्यावं. पण माझ्या पित्ताशयाचा निर्णय आमच्या घरी ज्या पद्धतीनं झाला, तसा दुसऱ्या कुणाचा झाला असेल असं मला वाटत नाही. म्हणून हे धाडस.

मुद्द्यावर येतो.

पहिल्यांदा दुखलं ते दिवाळीच्या आधी. मित्राच्या घरी पाटोडीरस्सा होता आणि मी लाज न धरता तीनदा वाढून घेतला. तासाभरानं उजव्या बरगडीखाली कुणीतरी मूठ आवळायला सुरुवात केली. कळ पाठीत गेली, मग खांद्यात चढली. मला एक वाईट सवय आहे. फार दुखलं किंवा फार भीती वाटली की मला हसू येतं. मी मित्राच्या भिंतीला टेकून हसत होतो आणि त्याच्या आईला वाटलं, पोराला रस्सा फारच आवडला. त्या माउलीनं चौथ्यांदा वाढलं.

घरी आल्यावर ओवा झाला, सोडा झाला, पोटाला हिंग लावून झालं. तीन-चार तासांनी दुखणं आपोआप थांबलं, तेव्हा सगळ्यांनी आपापल्या औषधाला श्रेय दिलं. पुढच्या महिन्यात दोनदा तसंच झालं. तिसऱ्यांदा मात्र आईनं माझी चप्पल माझ्यासमोर आणून ठेवली आणि आम्ही सदर भागातल्या दवाखान्यात सोनोग्राफी करायला गेलो.

पित्ताशयात खडे निघाले. एक नाही, बरेच.

डॉक्टरबाई शांत होत्या. त्या म्हणाल्या, “हे खडे औषधानं विरघळत नाहीत. एकदा दुखायला लागलं की पुन्हा पुन्हा दुखतं. दुर्बिणीतून पिशवी काढून टाकणं बरं. आजच करा असं नाही, पण ताप आला किंवा डोळे पिवळे दिसले तर वेळ न घालवता यायचं.”

“पिशवी काढल्यावर पित्त कुठे राहील?” मी विचारलं.

“पित्त यकृतात तयार होतं. ही नुसती साठवणीची जागा आहे. काय शिकता तुम्ही?”

“भूगर्भशास्त्र.”

त्यांनी एकदा रिपोर्टकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि तोंडाला रुमाल लावला. मीही हसलो. आई तेवढी हसली नाही.

जानेवारीत आमच्या वर्गाची आठ दिवसांची सहल होती, डोंगरात, खडक बघायला. मी आयुष्यात पहिल्यांदा घरापासून इतका लांब जाणार होतो. डॉक्टरबाई म्हणाल्या, आता केलं तर तोवर बरे व्हाल. न करता जायचं असेल तर मी हो म्हणणार नाही, तिथं दुखलं तर दवाखाना कुठून आणाल? ऑपरेशन सरकारी योजनेत बसत होतं. म्हणजे प्रश्न एकच उरला, करायचं की नाही.

तो प्रश्न घरात आला आणि घराचा बाजार झाला.

आमच्या शेजारच्या गल्लीत आत्या राहते, बाबांची मोठी बहीण. ती बातमी ऐकून पदर खोचतच आली.

“काहून गा, पोट्ट्याचं पोट फाडाले निघाले तुम्ही? देवानं उगाच देल्ली का ते पिशवी?”

“फाडत नाहीत आत्या, चार बारीक भोकं पाडतात,” मी म्हणालो.

“चार! आयकलं का वं वहिनी, चार म्हणते!”

माझी धाकटी बहीण अकरावीत आहे. तिनं फोनवर असल्या ऑपरेशनचे सहा व्हिडिओ पाहिले होते, आणि जेवताना आम्हाला पाहायला लावले होते. ती म्हणाली, “दादा, बिनधास्त कर. मी तर आजच केलं असतं.”

गावाहून मामा आला. येताना पानफुटीची पानं पिशवी भरून घेऊन आला. त्याच्या गावात कुणाचा तरी मूतखडा त्या पानांनी पडला होता. मी समजावलं की मामा, ते खडे वेगळे, हे वेगळे. ते त्या वाटेनं पडतात, यांना ती वाट नाही. मामा म्हणाला, “खाऊन त पाय. आंबटच लागते.” पाहुण्याचं मन मोडवत नाही म्हणून मी चार दिवस पानं खाल्ली. पाचव्या दिवशी पुन्हा कळ आली. मामानं उरलेली पानं शेजारच्या बकरीला घातली आणि मोठ्यानं जाहीर केलं, “करून टाका ऑपरेशन!”

सगळे माझ्याकडे बघत होते, कारण मी शिकलेला. मी पुठ्ठ्यावर यकृत काढलं, पित्ताशय काढलं, नळ्या काढल्या आणि काठीनं दाखवत तासभर बोललो. “म्हणून ऑपरेशन हाच योग्य मार्ग आहे,” असं मी शेवटी म्हणालो. आवाज जरा कापला, पण कुणाच्या लक्षात आलं नाही.

“वांग्यावानी हाय,” आई पित्ताशयाकडे बघून म्हणाली. त्या चार-पाच दिवसांत ती एवढंच बोलली.

बाबा तर तेवढंही बोलले नाहीत. बाबा कळमन्याच्या बाजारात मापाडी आहेत. मिरचीची पोती काट्यावर चढतात आणि बाबा वजन पुकारतात. घेणारा आणि विकणारा, दोघंही त्यांच्या आवाजावर विश्वास ठेवतात. “काटा बोलते तेच मी बोलतो,” हे त्यांचं नेहमीचं वाक्य. घरातसुद्धा त्यांनी कधी खोटा आकडा सांगितलेला मी ऐकला नव्हता. माझे दहावीचे एक्काहत्तर टक्के आत्यानं सगळीकडे पंच्याहत्तर करून सांगितले, तर बाबा घरोघरी जाऊन दुरुस्त करून आले.

रविवारी दुपारी आत्या आणि मामा एकमेकांवर इतके ओरडायला लागले की शेजारचे चौकशी करून गेले. बाबा बाजेवर बसले होते. ते एकदम म्हणाले, “बस. असं नाई होत. इथं जो मोठ्यानं बोलते त्याचाच भाव होते.”

त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून उजव्या हातावर टाकला.

पूर्वी गावच्या बैलबाजारात असा सौदा व्हायचा. दुपट्ट्याखाली हातात हात घ्यायचा आणि बोटं दाबून भाव सांगायचा, म्हणजे बघणाऱ्यांना काही कळत नाही. लहानपणी बाबांनी ते त्यांच्या वडिलांसोबत पाहिलं होतं. आता कळमन्यात उघडा लिलाव होतो, पण बाबांच्या हाताला ते आठवत होतं.

“एक बोट म्हणजे कराचं,” बाबा म्हणाले. “दोन म्हणजे नोको. कोणी कोणाले सांगाचं नाई. पोट्ट्याचंबी धरीन मी, पोट त्याचं हाय.”

मला खूप हसू येऊ लागलं. आधी आत्या गेली, तिची अंगठी दुपट्ट्याच्या दोऱ्यात अडकली, आणि ती सोडवताना मामा डोकावतो म्हणून तिनं मामाला चापट मारली. मामा इतका गंभीर चेहरा करून गेला, जणू बैलच विकतोय. बहिणीला गुदगुल्या झाल्या, ती हात ठेवायच्या आधीच किंचाळली. आई हात पुसून गेली आणि पटकन परत आली. बाबा सगळा वेळ पंख्याकडे बघत होते. चेहऱ्यावर काही नाही.

शेवटी मी गेलो. बाबांचा तळहात खरखरीत आणि कोमट होता. मी हसत होतो, आणि हसता हसता मी दोन बोटं दिली.

होय. पुठ्ठ्यावर तासभर शिकवून मी दोन बोटं दिली. मला गुंगीच्या इंजेक्शनची भीती वाटत होती. झोपलो आणि उठलोच नाही तर, असं वाटत होतं. हे मी आजच लिहितोय.

बाबांनी दुपट्टा झटकून परत खांद्यावर टाकला आणि बाजारात पुकारतात तसं पुकारलं, “चार-एक! ऑपरेशन कराचं!”

म्हणजे ‘नको’ म्हणणारा मी एकटाच. आत्यानंसुद्धा, एवढं ओरडून, आतून एकच बोट दिलं! मी तिथंच आत्याच्या पाया पडलो. ती गोंधळून म्हणाली, “आता काय झालं तुले?”

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आलो तेव्हा पहिल्यांदा हसलो, मग पोट दुखलं, मग दुखल्यामुळे आणखी हसू आलं. नर्सताईंनी पोटावर उशी दाबून धरायला शिकवलं आणि बहिणीला वॉर्डाबाहेर काढलं, कारण ती पुन्हा पुन्हा डोळे मोठे करून “दादा, बेसॉल्ट?” विचारत होती. डॉक्टरबाईंनी माझे खडे एका बाटलीत घालून दिले. नऊ होते, पिवळट, कडा घासलेल्या. मी ते भिंगाखाली बघण्याआधीच आत्या बाटली घेऊन गेली आणि गल्लीत घराघरांतून दाखवून आली. “पाहा बरं, हे होते! आन लोकं म्हणत होते करू नोका म्हणून!”

त्या दिवसांत घरातले सगळे माझ्याशी इतकं गोड वागत होते की मला अपराधी वाटायचं. बहीण तिचा चार्जर न मागता द्यायची. आत्या दुधीची भाजी आणायची आणि डोळ्यात डोळा घालायची नाही. मामा रोज फोन करायचा. मी मनात म्हणायचो, यांनी माझ्यासाठी एवढी हिंमत केली आणि मी भित्रा.

जानेवारीत सहलीची बॅग भरत होतो. बहीण दारात घुटमळली.

“दादा, एक सांगू? मारशील तर नाही? ती चार-एकमधली एक… ती मी होते. मी दोन बोटं दिली होती.”

“काय बोलतेस! ती एक तर मी होतो.”

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. दोघंही भूत पाहिल्यासारखे पळत आत्याकडे गेलो. ती तांदूळ निवडत होती.

“दोनच देल्ले ना मी!” आत्या म्हणाली. “मले वाटलं मीच एकटी उलटी. म्हणून त तोंड दाखवाले लाज वाटे बाप्पा.”

“मग गल्लीत बाटली काहून फिरवली?” बहिणीनं विचारलं.

“खडे निघाले त मंग दाखवू नोको का?”

मामाला तिथूनच फोन लावला. पलीकडून आधी त्याची बकरीच ओरडली. मग मामा म्हणाला, “भाच्या, तोंडानं म्हटलं ते येगळं, बोटानं म्हटलं ते येगळं. तुले चिरतीन म्हटल्यावर मले एक बोट उचलवेच ना.”

बहीण भिंतीला धरून हसत होती. मी बोटांवर मोजत होतो. मी, बहीण, आत्या, मामा. चार ‘नको’. आणि बाबांनी, ज्यांनी माझे चार टक्के घरोघर जाऊन कमी केले, त्यांनी भर घरात खोटं वजन पुकारलं होतं.

घरी आलो. आई माझ्या डब्यात फुटाणे आणि गुळाचे खडे भरत होती. मी तिला सगळं सांगितलं.

“बाबा खोटं बोलले, आई. बाबा!”

“खोटं काहून?” आई म्हणाली. “चार-एकच होते. आकडा त खराच सांगतला त्याईनं.”

तिनं डब्याचं झाकण दाबलं. पंधरा-वीस वर्षं मिरचीचे देठ खुडून तिच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला घट्टा पडला आहे, दगडासारखा कडक.

“तुह्या दुखण्यातलं हासणं मले आयकू जात नव्हतं,” ती म्हणाली. “ते एक बोट माह्यं होतं. दुपट्ट्याखाली असलं म्हणून काय झालं, तुह्या बाबानं त्याचं वजन वळखलं.”