शनवारमावशीची दहा माणसं

तिरोडीच्या खदानीच्या क्वार्टरांत शनवारमावशी कुणाच्याही घरी गेली, की आधी चौकटीच्या उजव्या अंगाला बोटं लावायची आणि तीच बोटं ओठांना. आम्हाला तिथं नुसता चुना दिसे. "इथं आमच्या लोकायची मेझुझा होती," ती सांगे. "देवाचं नाव लिहून ठोकलेली डबी. लोक गेले, खिळ्याचं छिद्र राह्यलं." एकदा आमच्याच घरात म्हणाली, "या खोलीत रिबकाले पोरगी झालती." मी लहान होते; गेलेली ती माणसं अजून तिथंच आहेत असं वाटून कितीतरी दिवस मी त्या खोलीत एकटी जात नसे.

मावशी बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणारी यहुदी. मूळ कोकणातलं तेल्यांचं कूळ. शनिवारी घाणा बंद, म्हणून 'शनवार तेली'. खदानीत मिस्त्री झाले, कारकून झाले, तरी नाव सुटलं नाही. आमच्या रांगेत एके काळी त्यांची प्रार्थनेची खोलीही होती. मग एकेक घर इस्रायलला गेलं. मावशीचा मुलगा दानियलही गेला.

शनिवार त्यांचा विश्रांतीचा वार; विस्तव पेटवायचा नाही, दुसऱ्याला पेटवायला सांगायचंही नाही, म्हणून तिची चूल थंड. माझी आई आपण होऊन गरम चहा नेऊन देई. मावशी वर पाहून म्हणे, "पाह्य बाप्पा, म्या काही सांगतलं नोतं," आणि बशीत ओतून पिऊन टाके. चहाच्या बाबतीत तिचा देव समजूतदार होता.

दानियल 'ये' म्हणून मागे लागे. "तुह्या बापाले इथं एकट्याले टाकून येऊ?" नवरा खदानीमागच्या त्यांच्या कब्रस्तानात होता. पण तिला स्वतःची धास्ती होतीच. मेल्यावरच्या प्रार्थनेला त्यांच्यातले दहा पुरुष लागतात. "मातीखाली मोजले तं धा भेटते," ती म्हणे. "वरतं कोनीच नाही."

मागच्या थंडीत ती गेली. दानियलला पोचणं शक्य नव्हतं. क्वार्टरांतल्या पुरुषांनी तिला नवऱ्याशेजारी माती दिली. आम्ही बायका कुंपणाशी उभ्या होतो. बाबांनी मोबाइल धरला आणि तिकडून दानियल प्रार्थना म्हणू लागला. एक ओळ म्हणून थांबला. तिथं जमलेल्यांनी 'आमेन' म्हणायचं असतं, हे आमच्यात कुणाला ठाऊक? तो थांबलेलाच. बाबांना ते सोसवेना. गोष्ट ऐकताना द्यावा तसा त्यांनी हुंकार दिला, "हौ, बाप्पा."

पलीकडून हुंदका आला. मग दुसरी ओळ. या वेळी सगळे म्हणाले, "हौ."

त्यांच्या देवाला ते चाललं की नाही, मला माहीत नाही. पण मी कुंपणाशी उभी राहून ऐकलं आहे. तो 'हौ' नुसता आमच्या माणसांचा नव्हता; मातीखालूनही येत होता.