देवघरातला कागद

तुमची वाचा बसली, तर तुम्हाला कुठे आणि कोणाजवळ मरायचंय हे सांगणारं घरात कोण आहे?

देवासच्या जानकीबाईंनी याची सोय केली होती. दरबारी शिंप्यांच्या घरातली ही ऐंशीची बाई एकटीच राहायची. पुतण्या सुभाष पलीकडच्या गल्लीत. अठ्ठ्याहत्तर साली तापाची साथ आली, तेव्हा मी आरोग्य खात्यातर्फे घरोघर गोळ्या वाटत होतो. त्यांनी मला बसवून लिहायला लावलं, "मला साथीच्या वॉर्डात टाकू नका. तिथे आपलं माणूस आत येऊ देत नाहीत. माझ्या खोलीतच राहू द्या. सुभाषनं हात धरावा." खाली अंगठा.

"काकू, हा कागद सुभाषला द्या," मी म्हणालो.

"देवाजवळ ठेवते. तिथलं काही हरवत नाही. वेळ आली की वाच, असं सांगते त्याला."

मी कामासाठी कुक्षीला गेलो. त्याच सुमारास धारला त्यांचा चुलत दीर वारला आणि भावकीला दहा दिवसांचं सुतक लागलं. त्यातच काकू तापानं बेशुद्ध झाल्या. सुतकात देवघराला हात लावायचा कसा? सुभाषनं त्यांना वॉर्डात नेलं. चौथ्या दिवशी त्या तिथेच गेल्या, एकट्या.

"अरे भिया, सुतक फिटलं की वाचणारच होतो," मी परतल्यावर सुभाष म्हणाला.

"देव काय हात तोडणार होता तुझा?" मी ओरडलो. तो रडायला लागला. एक नक्कल मीही त्याच्या हातात देऊ शकलो असतो, ते मला तेव्हा सुचलं.

तुमचा कागद आजच लिहा, आणि ज्यानं हात धरावा असं वाटतं, त्याला समोर बसवून वाचून दाखवा.