भागूबाईचं वाचन

भागूबाईला वाचता यायला लागलं ते वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी. त्याआधी नऊ वर्षं ती बद्रीनाथ शेठच्या रद्दीच्या गोदामात कागदच निवडत होती. औरंगाबादेत, शहागंजच्या मागच्या गल्लीत पत्र्याचं ते गोदाम होतं. सकाळी मांडी घालून बसायचं आणि समोरच्या ढिगातून वर्तमानपत्रं एकीकडं, शाळेच्या वह्या दुसरीकडं, गुळगुळीत कागद तिसरीकडं टाकत राहायचं. कुठला कागद कुठं जातो हे बोटांनाच कळायचं. त्यावर काय लिहिलंय ते कळायची गरज नव्हती.

नवऱ्यानं दुसरी बायको केली तेव्हा ती वैजापूरकडचं खेडं सोडून मुकुंदवाडीत खोली करून राहिली होती. सोबत एकुलती एक मुलगी, आशा. ती चौदाव्या वर्षी तापानं गेली. तीन दिवसांचा ताप, चौथ्या दिवशी काही उरलं नाही. आशाचा एकही फोटो नव्हता. शाळेत एकदा फोटोवाला आला होता, पण त्या दिवशी भागूबाईनंच तिला पाण्याच्या रांगेत उभं राहायला घरी ठेवलं होतं. सहा वर्षं झाली तशी आशा तिला पाठमोरी आठवे, दोन वेण्या आणि मानेवरचा तीळ. चेहरा डोळ्यांसमोर आणायला गेलं की नुसतं धुकं.

मग वस्तीत प्रौढांचे साक्षरतेचे वर्ग निघाले. बाकीच्या बायका चार दिवस आल्या आणि गळल्या. भागूबाई टिकली, कारण घरी तिची वाट बघणारं कुणी नव्हतं. आठ महिन्यांत ती अक्षराला अक्षर जोडून वाचायला लागली आणि वर्ग बंद पडला. आता गोदामातल्या ढिगाला तोंड फुटलं होतं. ती हातातला कागद टाकायच्या आधी वाचायची. पण रद्दीत काहीच पूर्ण नसे. अर्धी बातमी, फाटकी लग्नपत्रिका, गणितात नापास झालेल्या कुणाची तरी उत्तरपत्रिका.

अशात एकदा शफीभाईनं पोतं आणून ओतलं. शफीभाई चौकात कॉमिक्स भाड्यानं द्यायचा. दोरीला चिमटे लावून कॉमिक्स टांगलेली, खाली बाकडं. घराघरांत टीव्ही आले, बाकडं ओस पडायला लागलं, तसा फाटकी कॉमिक्स तो गोदामात आणून घालू लागला. भागूबाईनं त्यातलं एक उचललं. निळ्या कपड्यातला एक माणूस, तोंडावर मुखवटा, तळहातातून वीज निघालेली. ती मधलंच पान उघडून एका कोपऱ्यातून वाचायला लागली. काही लागेना. भाषा हिंदी होती, पण अक्षरं तीच आणि बोली रोज कानावर पडणारी. तरी कोण कुणाला काय म्हणतोय तेच कळेना.

शफीभाई पोतं झटकता झटकता थांबला. त्यानं पानावरच्या पहिल्या चौकटीवर बोट ठेवलं. "ऐसा नक्को पढो बाई. ऊपर से चलो, बाएँ से. एक खाना हुआ तो बाजूवाला खाना, फिर नीचे."

"आन् हे फुगे?"

"फुग्गे की दुम जिसके मूँ कू, बात उसकी. दुम की जगा गोल-गोल बुंदके हैं तो वो बोल नई रा, मन में सोच रा."

भागूबाईनं बोटानं शेपटी धरून तोंडापर्यंत नेली. "म्हंजी हा काळ्या कोटवाला बोलतोय व्हय."

"हौ. और एक बात सुनो. पैले एकीच हीरो पकडो. मोट्टे विशेषांक कू हात नक्को लगाओ, उसमें दस-दस हीरो रैते, गुम हो जाते तुम. बिजलीनाथ का पैला नंबर मैं लाको देता. पैले से पढे तो समझता."

दोन दिवसांनी त्यानं खरंच पहिला अंक आणून दिला. विजेच्या खांबावर चढलेला एक वायरमन, शिवनाथ. कुणीतरी खाली मुद्दाम बटण दाबलं. तो पडला, मेला नाही, पण वीज त्याच्या अंगात राहिली आणि शिवनाथचा बिजलीनाथ झाला. भागूबाईनं ती बत्तीस पानं चार दिवसांत, जेवणाच्या सुट्टीत वाचली. शेवटचं पान मिटलं तेव्हा तिच्या ध्यानात आलं की आयुष्यात पहिल्यांदा आपण काहीतरी सुरुवातीपासून शेवटापर्यंत वाचलं. मग दुसरा अंक, मग तिसरा. पाचवा मिळाला नाही तेव्हा तिनं सहाव्यावरून पाचव्यात काय झालं असेल ते जुळवलं आणि शफीभाईला विचारून बरोबर आहे का बघितलं. बरोबर होतं.

बद्रीनाथ शेठला याची मजा वाटली. गिऱ्हाईक आलं की तो हाक मारायचा, "भागूबाई, वाच गं जरा. काय म्हणतोय तुझा हवेत उडणारा नवरा?" आणि भागूबाई अडखळत एखादं पान वाचायची. 'धडाम' आणि 'कड्डाक' ती जसं लिहिलंय तसंच, सावकाश, अक्षर सुटं करून वाचायची. लोक हसायचे. गठ्ठे बांधणारा फकिरा सगळ्यांत जोरात हसायचा. फकिरा सिल्लोडकडचा, चाळिशीचा, आडदांड, स्वतः अंगठाछाप. "आता परीक्षेला बस, मामलेदार व्हशील," असं तो म्हणायचा. भागूबाईला त्याचं काही वाटत नसे. हसणारे हसतात आणि जातात, पान आपल्यापाशी राहतं, असं तिला वाटे.

तिला कथेपेक्षा वेगळ्याच एका गोष्टीनं धरलं होतं. बिजलीनाथ समोरून काढलेला असो, बाजूनं असो, वरून असो, तो तोच दिसायचा. त्याची बहीण पहिल्या अंकात होती तशीच सातव्यात. चित्र काढणारा माणूस एकदा ठरवलेला चेहरा विसरत नाही, याचं तिला नवल वाटे. असा माणूस नुसतं सांगितल्यावरसुद्धा चेहरा काढू शकेल, असं तिच्या मनानं घेतलं. अंकाच्या शेवटी वाचकांची पत्रं छापायचे, खाली दिल्लीचा पत्ता असायचा. तिनं तीन रविवार खपून पत्र लिहिलं. बिजलीनाथला नाही. तो कागदावरचा आहे एवढं तिला समजत होतं. तिनं लिहिलं ते चित्रकाराला. माझी मुलगी वारली आहे, फोटो नाही, मी सांगते तशी तुम्ही काढाल का.

पाकिटावर पत्ता नीट अक्षरात हवा म्हणून ते तिनं शेठकडं दिलं. शेठनं ते फोडलं, फकिराला वाचून दाखवलं आणि गल्ल्यात टाकलं.

तीन आठवड्यांनी तिला उत्तर आलं. चांगल्या कागदावर, टाइप केलेलं. रद्दीत कोऱ्या लेटरहेडांना तोटा नव्हता आणि टायपिंगचा क्लास दोन दुकानं सोडून होता. चित्रकार साहेब अजिंठ्याला जायला येणार आहेत, गुरुवारी दुपारी स्टेशनवर वेटिंग रूमबाहेर भेटा. भागूबाईनं ते पत्र दोनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा शफीभाईला वाचायला दिलं, आपल्या वाचण्यात काही चूक तर नाही ना म्हणून. शफीभाईनं कागद उलटसुलट केला. तो या गोदामात रद्दी घालायचा, शेठ शेजारीच बसला होता आणि त्याच्याकडंच बघत होता. "बराबर पढे तुम," असं म्हणून त्यानं कागद परत दिला.

गुरुवारी तिनं डोक्यावरून पाणी घेतलं, जांभळं लुगडं नेसली आणि फडक्यात धपाटे बांधून घेतले. बाकावर गळ्यात झोळी अडकवलेला एक माणूस बसला होता. तो जालना रोडला ट्रकांच्या मागं अक्षरं रंगवायचा. तिला ते माहीत असायचं कारण नव्हतं. त्यानं वही काढली. "बोला बाई. नाक कसं होतं?"

भागूबाई बोलायला लागली. नाक बसकं, पण शेंड्याला वर आलेलं. कपाळ लहान. हनुवटीला खळी. पेंटर मान हलवत पेन्सिल फिरवत होता. त्यानं विचारलं, "डोळे?" आणि ती अडली. मग बोलता बोलताच तिला दिसलं. डावा डोळा उजव्यापेक्षा किंचित बारीक. हसली की तो मिटायचाच. सहा वर्षांनी आशा तिच्याकडं तोंड करून उभी राहिली. भागूबाई तासभर बोलत होती. रडली नाही, कारण रडलं तर सांगायचं राहील. शेवटी पेंटरनं कागद पाकिटात घालून पाकीट चिकटवलं. "गोदामात सगळ्यांसमोर उघडा, शुभ असतं," म्हणाला. तिनं धपाटे त्याला देऊन टाकले.

तिनं पाकीट न उघडता आणलं. शेठ खुर्चीवरून उठून उभा होता. फकिरा गठ्ठा अर्धवट टाकून आला होता. तिनं पाकीट फोडलं. आत शेळी होती. दोन वेण्या घातलेली, रिबन बांधलेली, डावा डोळा बारीक केलेली. खाली अक्षरं सुबक होती, 'कु. आशा'.

फकिरा हसून हसून खाली बसला. शेठ डोळे पुसत म्हणाला, "अगं, चेहरा जमला का नाय ते तरी सांग." भागूबाई कागदाकडं बघत राहिली. जाऊन आपल्या ढिगापाशी बसली आणि वर्तमानपत्रं एकीकडं, वह्या दुसरीकडं टाकायला लागली. फकिरानं तो कागद खळ लावून वजनकाट्याच्या वर भिंतीला चिकटवला. तो निघाला नाही. दुसऱ्या दिवशी सगळे यायच्या आधी तिनं नखानं खालचं नाव तेवढं खरडून काढलं.

बाकी सगळं सोसलं असतं. पण आता आशाला आठवायला गेलं की ती शेळी समोर यायची. आधी धुकं तरी होतं.

या गोष्टीला पाच महिने झाले. थट्टा करणाऱ्यांच्या लेखी ती जुनी झाली होती. फकिरा तर आता तिच्याकडं पाणी मागायचा, तंबाखू मळून चिमूट पुढं करायचा. भागूबाई पाणी द्यायची. शेठवर तिचा हात पोचत नव्हता आणि कुणावर हात उगारायचा तिचा विचारही नव्हता.

शेठ लग्नाला परगावी गेला असताना फकिराला पोस्टकार्ड आलं. एरवी शेठ वाचून दाखवायचा. फकिरा कार्ड घेऊन तिच्या ढिगापाशी येऊन उकिडवा बसला.

"भागूबाई, वाच बरं. सांडूचं दिसतंय, भावाचं."

तिनं कार्ड घेतलं. अक्षर मोठं आणि सोपं होतं. 'फकिराला सांडूचा रामराम. माय लई आजारी आहे. अन्न सोडलं आहे. सारखं तुझं नाव घेते. पत्र मिळताच निघून ये.'

तिनं वर बघितलं. फकिरा तिच्या तोंडाकडं बघत होता, विश्वासानं.

"रामराम लिहिलाय," ती म्हणाली. "समदे खुशाल हायेत. माय बरी हाये. मका चांगला आलाय म्हनतो. सवडीनं ये."

"सवडीनं ना? मग पोळ्यालाच जातो." त्यानं कार्ड बंडीच्या खिशात घातलं आणि गठ्ठे बांधायला गेला. जाता जाता म्हणाला, "झकास वाचतीस की."

सिल्लोडची एस. टी. दर तासाला होती. तो दिवसभर गठ्ठे बांधत होता आणि भागूबाई दिवसभर तोंडात शब्द धरून बसली होती. दुसऱ्या दिवशीही सांगता आलं असतं. सांगायचं तर म्हणायचं काय, हे तिला सुचेना. तिसऱ्या दिवशी दुपारी गावाकडचा एक माणूस गोदाम शोधत आला. माय काल सांजच्याला गेली, वाट बघून बघून आज सकाळी उरकलं, असं त्यानं उभ्या उभ्या सांगितलं. फकिरा हातात सुतळी तशीच घेऊन त्याच्याबरोबर गेला.

तो परतला तो तेरावा करून, डोकं भादरलेला. शेठ आला होता, शफीभाई पोतं ओतत होता. फकिरा सरळ भागूबाईसमोर येऊन उभा राहिला. त्यानं खिशातून कार्ड काढलं. घामानं त्याच्या कडा मऊ झाल्या होत्या.

"सांडूनं मला वाचून दाखवलं ह्यात काय हाय ते," तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता. "तो म्हनला, वाचनाऱ्यानं मुद्दाम केलं आसंल. मी म्हनलं, नाय. तिला वाचताच येत नाय. चित्रं बघून आपलं मनानं लावती. मी म्हनलं तसं. खरं हाय का नाय?"

शेठ मधे पडला. "कॉमिक्स वाचून कुणी शिकलं होय रे? ते दिल्लीचं पत्रही कुणाकडनं तरी लिहून घेतलं असेल. पत्र द्यायचंच कशाला तिच्या हातात."

पाचव्या अंकात काय झालं ते हिनं सहावा वाचून बरोबर ओळखलं होतं, हे शफीभाईला ठाऊक होतं. त्यानं भागूबाईकडं एकदा बघितलं आणि पोतं घडी करायला लागला.

"सांग ना," फकिरा म्हणाला. "येतं का वाचायला?"

भागूबाईनं मान खाली घातली. "नाय येत," ती म्हणाली. "अक्षरं वळखते दोनचार. बाकीचं मनानंच."

फकिरानं कार्डाची घडी करून परत खिशात ठेवली. "मला वाटलंच," म्हणाला, आणि त्याला पहिल्यांदा रडू आलं.

पुढं भागूबाई अकरा वर्षं त्या गोदामात होती. कॉमिक्सची पोती येत राहिली, मग शफीभाईनं बाकडं मोडलं तशी ती पोतीही थांबली. कुणी गिऱ्हाईक नवीन असलं तर शेठ सांगायचा, ही बाई आपल्याला वाचता येतं म्हणायची, आणि हिच्या वाचण्यापायी एकाची माय मेली. भागूबाई ऐकून घ्यायची. रेशनच्या कार्डावर, दवाखान्याच्या कागदावर, जिथं सही मागतील तिथं ती शाईचं डबडं मागून अंगठा लावायची.