नायगाव रोडवरचा श्रोता

लातूरला वर्षभर क्लास लावून मी एकच गोष्ट पक्की शिकले, ती म्हणजे मला डॉक्टर व्हायचं नाही. होस्टेलच्या मुली जीवशास्त्र पाठ करायच्या आणि मी त्यांना तेच क्रिकेटच्या सामन्यासारखं ऐकवायचे. रक्त डाव्या कप्प्यात आलं, झडप उघडली आणि निघालं सुसाट! मुली हसून लोळायच्या. त्यांतल्या दोघी आता खरंच डॉक्टर होतायत. मी मात्र पत्रकारिता आणि जनसंवादाच्या पदवीसाठी नांदेडला आले. आले कसली, पळतच आले.

आणि काय काय होतं तिथं! बातमी लिहायची, कॅमेरा खांद्यावर घेऊन बसस्टँडवर फिरायचं, अनोळखी माणसासमोर बेधडक माईक धरायचा. एरवी चारचौघांत बडबड केली की आई डोळे वटारायची, इथं त्याच बडबडीला मार्क होते. पहिले काही दिवस तर मला वाटायचं, कुणीतरी येऊन म्हणेल, चुकून झालाय तुझा प्रवेश, ऊठ.

पण जीव जडला तो रेडिओच्या खोलीवर. कॉलेजच्या गच्चीवर अँटेना आणि खाली स्पंजच्या भिंतींची एक छोटी खोली, एवढंच आमचं केंद्र. शहर आणि आसपासची गावं ऐकू शकायची, त्यापलीकडं खरखर. आवाजाचं शास्त्र शिकवणारे सर फार कडक. 'आहे'ला 'हाय' म्हटलं की ते भुवई उचलायचे, 'न्हाई' म्हटलं की दोन्ही. मी न्हाणीघरात, जिन्यात, रिक्षात सराव करायचे. दिवाळीपर्यंत माझी भाषा अशी काही धुऊन निघाली की मेसच्या मावशी मला अहोजाहो करून भाजी वाढायला लागल्या. मला त्याचा भलताच अभिमान वाटायचा.

पप्पांना हे काहीच पटलेलं नव्हतं. त्यांचा टेम्पो आहे. आमच्या नायगावातला माल भरून ते नांदेडच्या मोंढ्यात, धान्यबाजारात, आणतात. वाटेतल्या प्रत्येक चहाच्या टपरीवर त्यांनी "पोरगी डॉक्टर होनार हाय" असं सांगून ठेवलं होतं आणि आता त्याच टपऱ्यांवर थांबणं त्यांना जड जात होतं. मी आमच्या बातम्यांचे व्हिडिओ पाठवले, तर म्हणाले, "मोबाईलवर काय, कुनीबी दिसतंय. रेडिओवर ऐकू आलीस तर मानीन. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी आलीस तर पुढचं वर्ष तिथंच. न्हाईतर परत लातूर." पप्पा एकदा बोलले की बोलले. घरात त्यावर अपील नाही.

मला रडू यायला हवं होतं, पण मला उलट जोरच चढला. फेब्रुवारीत शनिवार दुपारच्या थेट कार्यक्रमाला माझा नंबर लागला. अडचण एकच, नायगावला आमचं केंद्र लागत नाही. मी फोन करून सांगितलं, "पप्पा, शनिवारची खेप दुपारी काढा. नांदेड जवळ आलं की रेडिओ लावा." ते नुसतं "बघू" म्हणाले. आईनं मागून सांगितलं की टेम्पोतला रेडिओ त्यांनी दुरुस्तीला टाकलाय. मी फोन ठेवून होस्टेलच्या जिन्यावर नाचले.

कार्यक्रमाचा विषय मीच सुचवला होता, एसटीनं येणारा डबा. आमच्याकडं आया पहाटे भाकरी करून डबा बसमध्ये ठेवतात आणि लातूर-नांदेडला शिकणारी पोरं स्टँडवर जाऊन तो उतरवून घेतात. ज्यानं असा डबा खाल्ला नाही असं कुणी शहरात सापडायचं नाही, म्हणून फोन येणार याची मला खात्री होती. आणि आले! लाल दिवा लागला, मी माझं नाव सांगून सुरुवात केली, आणि जरा वेळानं काचेपलीकडं पॅनलवर बसलेल्या मैत्रिणीला फोन आवरेनात. अहमदपूरच्या एका मुलाचा डबा चुकून माहूरला जाऊन आला होता. एका ताईंना डब्यात भाजीखाली आईनं लपवलेले कानातले सापडले होते. मी हसत होते, विचारत होते, माझा आवाज नुसता तरंगत होता. असा आनंद मला आजवर झाला नव्हता. तरी एक डोळा घड्याळावर होताच. पप्पा केंद्र लागण्याइतके जवळ पोचले असतील का?

मैत्रिणीनं खूण केली, पुढचा फोन, नायगाव रोडवरून एक काका.

"नमस्कार, आपण कुठून बोलताय?"

"हॅलो, मॅडम, मी टेम्पोवाला बोलून राहिलो. गाडी कडंला लावली हाय."

पप्पा! मागं त्यांच्या गाडीतला रेडिओ मोठ्यानं चालू होता आणि त्यानं सगळीकडं शिट्टी घुमत होती. अशा वेळी म्हणायचं वाक्य आम्हाला घोटून घोटून शिकवलेलं, तेच आपोआप बाहेर पडलं.

"आपल्या रेडिओचा आवाज जरा कमी करता का?"

"न्हाई मॅडम, माफी असावी. माझी लेक येनार हाय त्याच्यावर. तिचं हुकंल की. तुमचं हे झाल्यावर तिचा नंबर हाय का?"

काचेपलीकडं सरांच्या दोन्ही भुवया वर गेल्या होत्या. मी तोंड उघडलं, पण पप्पांना एकदा ऐकणारं माणूस मिळालं की ते थांबत नाहीत.

"मॅडम, तिला मी म्हनलोय, रेडिओवर आलीस तर पुढचं वर्ष. पन मला काय कळतंय त्यातलं? मघापासनं तुमचं ऐकून राहिलो. लई ग्वाड बोलता तुम्ही, ऐकत ऱ्हावं वाटतंय. म्हून तुम्हालाच इचारतो, खरं सांगा. माझ्या पोरीला तुमच्यासारखं बोलाया जमंल का? जमत असंल तर शिकू दे, मी आड येनार न्हाई. जमत नसंल तर उगं आशेला लावू नका तिला."

माझ्या डोळ्यांतून पाणी कधी वाहायला लागलं कळलंच नाही. सर हातानं सांगत होते, बोल, काहीतरी बोल, हवेत शांतता नको.

"जमंल की, पप्पा," मी म्हणाले. "मीच बोलून राहिले."

पलीकडून एक ट्रक गेला. मग दुसरा गेला.

"तू हायेस?"

"हाव."

"मघापासनं तूच?"

"हाव, पप्पा."

पप्पांनी घसा खाकरला, तो सगळ्या नांदेडनं ऐकला.

"मग शिक की, माय," ते म्हणाले. "फोन ठिवतो मी. तू तिकडंच बोल, मी ऐकून राहिलो."