निंबर्ग्याच्या बूथवर पंचशीला

कलबुर्गीला सगळे गुलबर्गा म्हणायचे, तेव्हाची, ऐंशीच्या दशकातली गोष्ट. उदगीरला एम.ए. करताना मी एक निबंध अंगावर घेतला होता: सीमेपलीकडची, कर्नाटकातली मराठी माणसं मत कुणाला देतात? ग्रंथालयात उत्तर सापडेना आणि मला चैन पडेना. तिकडे विधानसभेची निवडणूक लागली तशी मी पिशवी भरली आणि कमालनगर-भालकीमार्गे बीदरची बस धरली. रस्ता असा खडबडीत, की खिडकीशी बसले ते चुकलंच. डोकं आपटून आपटून टेंगूळ आलं.

पहिला मुक्काम बीदरला लागून असलेल्या नौबादला, मामांकडे. मामा शाळामास्तर. ताटावर बसल्या बसल्या त्यांनी निकाल लावून टाकला, "लिहून घे, आपला मराठी माणूस एकगठ्ठा मत देतो."

ते हात धुवायला उठले तशी मामी हळूच म्हणाली, "एकगठ्ठा कशाचं गं? मी तर कवापासून दुसऱ्याच चिन्हावर शिक्का मारायलेय. त्यांना सांगू नको."

पहिल्याच जेवणात निबंध ढासळला. मग भालकी, औराद, जिथं बस नेईल तिथं हिंडले. एका मतदारसंघात लोक जात बघून मत देत होते, दुसऱ्यात रस्ता कुणी केला ते बघून. कुठंच पाय ठरेना.

शेवटी निंबर्ग्याला निघाले. वसतिगृहातली माझी मैत्रीण पंचशीला तिथली. हुमनाबादच्या पुढं लाल माती संपून काळी लागते. गुलबर्ग्याला बस बदलायची, आळंदला पुन्हा. आळंदच्या स्टँडवर कुरमुऱ्यांचा सुसला खाऊन घ्या, पुढं काही मिळत नाही.

पंचशीलाचं घर बौद्ध वस्तीत. तिचे वडील, अप्पा, गावच्या बड्या जमीनदाराकडे सालगडी होते. त्या जमीनदाराला सगळे गौडा म्हणत. वस्तीनं मत कुणाला द्यायचं, हेही गौडाच सांगायचा. यंदा वस्तीतलाच एकजण अपक्ष उभा होता, आणि त्याची एजंट म्हणून पंचशीला बूथवर बसणार होती.

"कामून करायलीस गं हे?" तिची आई चुलीपुढून म्हणाली. "तो काय निवडून येणार न्हाई."

"ठाव हाय, आई. पण आपल्या मतावर आपलं माणूस नजर ठेवाया नको?"

दिवे लागायच्या आधीच गौडाचा माणूस दारात आला आणि अप्पांना म्हणाला, "पोरीला आवर. न्हाईतर उद्यापासून शेतात येऊ नको." नंतर कुणीच धड जेवलं नाही.

मतदानाच्या दिवशी शाळेसमोरच्या लिंबाखाली मी उभी राहिले. दारातून पंचशीला दिसत होती, बाकावर ताठ बसलेली. उन्हं चढल्यावर अप्पा आले. गौडानं त्यांना वाटेतच गाठलं.

"उठव तिला. आत्ता."

अप्पा आत गेले. मत दिलं, बोटाची शाई धोतराला पुसली आणि तिच्या बाकाशी थांबले. त्यांनी कमरेचं फडकं सोडलं आणि भाकरी-चटणी तिच्यापुढं ठेवली.

"उपाशी आलीस. खाऊन घे. पेटी बंद होईस्तवर उठू नको."

बाहेर येऊन ते गौडाच्या समोरून, मान खाली न घालता, घरी गेले.

अपक्ष पडला. अप्पांचं काम गेलं. मी उदगीरला परतून निबंध पुरा केला, त्यात मतदारसंघांचे कल आले, सरांना आवडलाही. मला मात्र तो वाचवेना; अप्पांची भाकरी त्यात कुठंच नव्हती.

पंचशीला वसतिगृहात परतली तेव्हा मी विचारलं, "घरी कसं आहे?"

"अप्पा गुलबर्ग्याला बांधकामावर जायलेत. शनवारी येतेत." ती हसली. "आन् पुढच्या खेपंला मीच एजंट बसणार म्हणायलीय आई."

मीही हसले, आणि लगेच मनात आलं, त्या वेळी गौडा काय काढून घेईल? आता बीदर-गुलबर्ग्याकडची निवडणूक लागली की तोच प्रश्न पुन्हा येतो.