कवड्याचे पट्टे

साप कवड्याच होता. हे मी आजही कोणाशीही भांडून सांगेन. पट्टे मानेपासूनच सुरू झाले होते आणि शेपटीकडे पुसट होत गेले होते. मण्याराचं उलट असतं. मानेजवळ पट्टे नसल्यासारखे, शेपटीकडे ठळक, शिवाय पाठीच्या मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची रांग. शाळा मी अर्धवट सोडली, पण हे एका सर्पमित्राच्या मागे लागून शिकलो. केळीच्या धंद्यात साप रोजचे.

सावद्याच्या माझ्या शेडमध्ये, घडांखाली अंथरलेल्या वाळक्या पानांतून तो निघाला. हातभर लांब. कापणीच्या टोळीचे मुकादम नाना विळा घेऊन धावले. वीस वर्षं माझी प्रत्येक बाग त्यांनीच कापली. मी भाड्याच्या सायकलवर सौदे करत फिरायचो तेव्हापासून.

"नाना, मारू नका! कवड्या आहे, बिनविषारी."

"भाऊ, मण्यार शे!"

"अहो, मानेकडे बघा ना!"

तोवर दोन तुकडे झाले होते.

माझं डोकं फिरलं. ते तुकडे उचलून मी टोळीसमोर पट्टे दाखवले. "वीस वर्षं बागेत काढली, पण अक्कल तेवढी धुळ्यालाच ठेवून आलात!" टोळी हसली. नानांनी विळा पानाला पुसला आणि ते चालू लागले.

त्यांचा धाकटा भाऊ जमिनीवर झोपलेला असताना मण्यार चावून गेला होता. त्याच्या दहाव्याला मी धुळ्यापुढे त्यांच्या गावी जाऊन बसलो होतो. रागात ते आठवलं नाही, असं मी लोकांना सांगतो. आठवलं होतं.

आठ दिवसांनी त्यांच्या घरी गेलो. माफी मागायलाच गेलो होतो. ओट्यावर बसलो आणि तोंडातून सौदा निघाला: "नाना, कवड्या होता एवढं तुम्ही म्हणा. जास्त बोललो एवढं मी म्हणतो. विषय संपला."

नानांनी घासाघीस केली नाही. "कवड्या व्हता, भाऊ. तुमनं खरं शे." त्यांनी आतून चहा आणवला. मी पिऊन उठलो तेव्हा म्हणाले, "पण आते मी येत नही."

मागितलं ते सगळं देऊन माणूस उठून जातो, याला काय म्हणायचं? वीस वर्षांत त्यांना मी काय कमी दिलं? ते आता फैजपूरच्या एका व्यापाऱ्याच्या बागा कापतात. रस्त्यात भेटले तर रामराम करतात, तोही आधी तेच करतात. मला तेवढंही जमत नाही.

परवा शेडच्या भिंतीवर पुन्हा एक साप चढताना दिसला. नवी टोळी मागे सरली.

"कवड्या आहे," मी म्हणालो.

"तुम्ही म्हणता म्हणजे असेल, शेठ," नवा मुकादम म्हणाला आणि कामाला लागला.

साप पत्र्याखाली शिरला. मला फक्त त्याची शेपटी दिसली होती. मान मी पाहिलीच नव्हती. कोणी विचारलंही नाही.